सासूबाईंची कवळी

४ मार्च

आज माझ्या हातून सासूबाईंची कवळी फुटली. घरी सांगितलं की तिला आधीपासूनच तडा होता. इथे खरं लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. तडाबिडा काही नव्हता. चकाचक करून देतो म्हणून मीच हौसेने ती वर्कशॉपमध्ये नेली, पॉलिशच्या चाकावरून ती सटकली, सिंकच्या काठावर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. मधला एक टवका पाण्याबरोबर गेला तो गेलाच. एकतीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवून पोट भरतोय, एकही हातून पडली नव्हती. पडायला नेमकी घरचीच सापडली.

आणखी एक खरं लिहितो. तुकडे उचलताना आई काय म्हणतील अशी भीती वाटली, पण पाठोपाठ बरंही वाटलं. आई इथे राहायला आल्या त्या दिवसापासून ती कवळी माझ्या डोळ्यांत खुपत होती. दात झिजून सपाट, बोलताना टकटक, आणि टाळूला बसणारा भाग तर असा उंचसखल की कुठल्या गवंड्याने थापला होता देव जाणे. आता नवी करणं भागच आहे आणि ती मी करणार.

५ मार्च

नुसतं करणार म्हणून होत नाही. सासरे गेल्यावर तिकडचं, भारतातलं घर बंद करून हिने आईंना इकडे आणलं, त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी त्यांचं तोंड धड पाहिलेलं नाही. जावयासमोर जेवताना एक हात तोंडापुढे, हसू आलं तर रुमाल. अशा बाईंनी त्याच जावयासमोर आ करायचा म्हणजे अवघडच.

ही म्हणाली, "अहो, आई म्हणतेय दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ."

"दुसरा कुठून आणू? या भागातल्या सगळ्या दवाखान्यांची कामं माझ्याचकडे येतात."

"जावयाला दात कसे दाखवायचे, म्हणते."

"दात नाहीतच. दाखवायचं काय त्यात?"

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे चहाचे कप धुवायला उठलो.

शेवटी तोडगा निघाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई माप घेतील, मी दाराबाहेर थांबेन. आई कबूल झाल्या त्या माझ्यासाठी नव्हे, बेबीमावशीसाठी. बेबीमावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. वय एकाहत्तर, पण सगळ्यांची बेबीच. ती तिकडे सुनेजवळ असते. डोळे गेलेत, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी चारला आई तिला फोन करतात, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. अर्धा तास दोघी बोलतात आणि मग मावशी जेवते. ताईचा आवाज ऐकल्याशिवाय घास तोंडात घालत नाही. आता दात नाहीत म्हणून आई फोनवर यायला तयार नाहीत. सुनेला सांगितलंय, ताईला सर्दी झालीय, आठ-दहा दिवस कळ काढा.

म्हणजे माझ्याकडे आठ-दहा दिवस आहेत.

१३ मार्च

आजचा दिवस माझा होता.

मेणावर दात बसवून कवळी तोंडात घालून पाहतात, त्याची आज वेळ होती. याच वेळी माणसाला बोलायला लावायचं असतं. कवळी चावायला चांगली आणि बोलायला वाईट असू शकते. टाळूपाशी कागदाएवढी जाडी जास्त झाली तरी बोबडं येतं. इथल्या भाषेत त्यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे, डॉक्टरीणबाई ते पेशंटकडून म्हणवून घेतात. आईंना इथली भाषा येत नाही आणि डॉक्टरीणबाईंना मराठी येत नाही. मग काय, मला आत बोलावणं आलं. आई खुर्चीवर रुमाल धरून ताठ बसल्या होत्या, जणू मी आयकर अधिकारी.

मी एकेक शब्द म्हणायचा, त्यांनी माझ्यामागून म्हणायचा. टाळू. सकाळ. वाटाणा. डोळे. बाण. पहिल्यांदा त्यांचा ळ मला जड वाटला, घशाकडे ओढल्यासारखा. ट आणि ण यांचंही तेच. मी टाळूच्या मधल्या भागावर थोडं मेण चढवलं. परत म्हणवून घेतलं. परत थोडं चढवलं. चौथ्या खेपेला काय सांगू, अगदी मोकळा उच्चार, हुबेहूब माझ्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता बरोबर आहे?" मी म्हटलं, "एकदम."

त्या म्हणाल्या की हे काम त्यांना जमलंच नसतं. खरंच आहे. चौतीस वर्षं झाली घर सोडून, पण माझं मराठी मी आणलं तसंच ठेवलंय. वापरायला कमी मिळालं म्हणून काय झालं, गंजलेलं नाही. लेकीचं मराठी ऐकवत नाही ती गोष्ट वेगळी.

१७ मार्च

कवळी दिली. आईंनी आत जाऊन घातली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "छान झालीय हो. तुमचा हात चांगला आहे." ही म्हणाली, आई दहा वर्षांनी लहान दिसतेय. मी म्हटलं त्यात काय एवढं, आणि दिवसभर तेच वाक्य मनात घोळवत बसलो.

२३ मार्च

रविवार. लेक जेवायला आली होती. सव्वीस वर्षांची झाली, नोकरी करते, सगळं उत्तम, पण ळ म्हणायला गेली की माझ्या कानाला टोचतं. मी म्हटलं, "जीभ वळव जरा. आजीसमोर तरी नीट बोल."

ती म्हणाली, "बाबा, तूही असंच म्हणतोस."

"मी? तू जन्माला यायच्या आधीपासून मराठी बोलतोय मी."

आईंनी मान खाली घातली आणि रुमाल तोंडाला लावला. त्यांनाही नातीचं हसू आलं असणार.

एक गोष्ट मात्र काळजीची आहे. आईंना कमी ऐकू येतं. मी काही बोललो की "काय म्हणालात?" आज जेवताना तीनदा झालं. ही आणि लेक एकमेकींशी कुजबुजतात तेव्हा बरोबर कळतं, म्हणजे माझा आवाज ज्या पट्टीत आहे तीच पट्टी गेली असावी. तपासून घ्यायला हवं.

२९ मार्च

कान तपासले. तपासणारा म्हणाला, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. सगळ्या पट्ट्या ठणठणीत. मला वाटतं त्याचं यंत्र बिघडलंय.

५ एप्रिल

आई हल्ली कमी बोलतात. नव्या कवळीची सवय व्हायला वेळ लागतोच, मी पेशंटना नेहमी महिनाभर सांगतो. चारचा फोनही लवकर आटपतो. पूर्वी त्या बाहेरच्या खोलीत बसून बोलायच्या, सगळ्या घराला बेबीमावशीचं औषधपाणी पाठ झालं होतं. आता आतल्या खोलीत दार लावून घेतात आणि पाच मिनिटांत बाहेर येतात. मी विचारलं, "मावशी बऱ्या आहेत ना?" मानेनेच हो म्हणाल्या.

११ एप्रिल

आज चारला फोन झाला नाही. कालही नव्हता म्हणे. "बेबी झोपलेली असते हल्ली त्या वेळी," एवढंच बोलल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. ज्या घड्या मी सकाळीच घातल्या होत्या.

१४ एप्रिल

आज सगळं बाहेर पडलं.

दुपारी मी घरी आलो तर ही मोबाईल हातात धरून स्वयंपाकघरात उभी. बेबीमावशीच्या सुनेचा निरोप आला होता. मावशी दोन आठवडे धड जेवलेल्या नाहीत. दोन चमचे घेतात आणि तोंड फिरवतात. ताईला बोलवा म्हणतात. सुनेने विचारलं होतं, ताई बऱ्या आहेत ना, काही लपवत नाही ना तुम्ही, कारण मावशींची समजूत झालीय की ताई गेल्या आणि आपल्याला कोणी सांगत नाही.

मी म्हटलं, "पण आईंनी फोन केले की. नवी कवळी आल्यापासून दोन-तीन आठवडे रोज केले."

ही म्हणाली, "केले हो. मावशी ओळखतच नाही तिला. पहिल्या दिवशी म्हणाली ताईला द्या. आई म्हणाली, अगं मीच. तर म्हणाली, तुम्ही कुणी तिकडच्या, परदेशातल्या बाई बोलताय, ताई अशी बोलत नाही. रोज तेच. शेवटी आईने फोन करणंच सोडलं. रोज परकं म्हणवून घ्यायचं तरी किती?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कसं सांगणार? जावयाने हौसेने केलेल्या वस्तूला नावं ठेवायची? मलाही आज सांगितलं. तेही हा निरोप मी वाचून दाखवला म्हणून. आरशासमोर बसून बोलून बघते रोज, मला वाटायचं देवाचं काही म्हणतेय."

आई दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळलो तशी त्यांनी रुमाल वर केला. "कवळी चांगलीच आहे," म्हणाल्या. "दोष माझ्या जिभेचा आहे. म्हातारी झाली ती."

"छान झालीय" या दोन शब्दांवर मी महिनाभर फुगून फिरत होतो आणि तिकडे एक म्हातारी उपाशी झोपत होती.

तिकडच्या बाई म्हणे. कवळी मी मराठी शब्दांवर, मराठी कानाने लावलीय. मग ही तिकडची बाई आली कुठून?

१६ एप्रिल

सकाळी उठून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कानावर सोडू नका. जीभ कुठे टेकते ते डोळ्यांनी बघा." जुनी युक्ती आहे, शिकत असताना मी केली होती, नंतर विसरलो. कवळी कोरडी करायची, टाळूच्या बाजूवर पांढरी पूड भुरभुरवायची, तोंडात घालून एकच अक्षर म्हणायचं आणि लगेच काढायची. जीभ टेकते तिथली पूड पुसली जाते. बाकी सगळं पांढरं राहतं.

दुपारी आई वर्कशॉपमध्ये आल्या. भिंतीकडे तोंड करून त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळून हिच्या हातात दिली, हिने माझ्या हातात. मी पूड टाकून त्याच वाटेने परत पाठवली. म्हणा, ळ. आल्या वाटेने कवळी परत आली.

पुसलेली जागा बघून मी चक्रावलो. मी जिथे मेण चढवून उंचवटा केला होता, त्याच्या अलीकडेच एक ओबडधोबड डाग. जीभ मागे वळायला गेली होती आणि उंचवट्याला अडून परत आली होती. कुंपणाला धडकलेल्या गुरासारखी. बिचारीला मागे जायचं होतं आणि मी वाटेत बांध घातला होता. पण असा बांध मी घातला का? मी तर माझ्या उच्चाराशी ताडून घातला होता.

त्या दोघी घरी गेल्यावर मी फळीवरून माझ्याच दातांचा प्लास्टरचा साचा काढला. आमच्या धंद्यात प्रत्येकाचा असतो, शिकताना एकमेकांवरच प्रयोग करतात. त्यावर प्लास्टिक तापवून टाळूची पातळ पट्टी ओढली, पूड टाकली, तोंडात घातली आणि म्हटलं, ळ. नीट, जसं नेहमी म्हणतो तसं.

पुसलेली जागा पुढच्या दातांच्या लगेच मागे होती.

पुन्हा केलं. पाच वेळा केलं. ट म्हटलं, ण म्हटलं. सगळे पुढेच, दातांच्या मागे दाटीवाटीने उभे. इथल्या लोकांची जीभ जिथे टेकते तिथे. शिकताना एवढ्या पट्ट्या पाहिल्यात मी की ती जागा मला पाठ आहे.

म्हणजे माझी जीभ एवढी वर्षं हळूहळू पुढे सरकत होती आणि मला पत्ता नाही. कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण, ही माझ्याबरोबर राहून माझ्यासारखीच झाली. आणि आईंचा ळ, जो मला जड वाटला, घशाकडे ओढलेला वाटला, तोच खरा होता. मी तो बरा करायला गेलो. चांगल्या बाईच्या तोंडात मी माझी खोड बसवली.

वाईट वाटलं. लाजही वाटली. पट्टी धुऊन ठेवली.

२० एप्रिल

रविवार. लेकीला वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. चौदाव्या वर्षी तिचे दात सरळ केले होते तेव्हाची तिची पट्टी अजून बसते. पूड टाकली. "म्हण, ळ."

तिची पट्टी आणि माझी पट्टी मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आकार वेगळे, पण पुसलेली जागा तीच.

तिने दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या. म्हणाली, "बाबा, हे मी तुझ्याकडून घेतलंय."

मी म्हटलं, "हो गं. आणि वर तुलाच बोलणी खायला लावली."

"असू दे. छान दिसतंय." तिने दोन्हींचा फोटो काढला. मला त्यात छान काय ते कळलं नाही, पण इतक्या वर्षांत मराठीच्या विषयावर आमचं भांडण न होता संपलेला हा पहिला रविवार.

२२ एप्रिल

खणातून जुन्या कवळीचे तुकडे काढले. टवक्याची जागा मेणाने भरून ते जोडले आणि टाळूचा भाग उजेडात धरला. ज्याला मी गवंडीकाम म्हणत होतो तो उंचसखलपणा कुणी थापलेला नव्हताच. मधोमध, मागच्या बाजूला, अंगठा टेकेल एवढा गुळगुळीत खळगा होता. तीस-पस्तीस वर्षं तीच तीच अक्षरं म्हणून आईंच्या जिभेने तो पाडला होता. जीभ मऊ आणि कवळी टणक, तरी पाडला. मी तो कचरा समजून चाकावर धरला होता.

घरी जाऊन आईंना खरं सांगितलं. "आई, तुमची कवळी तडकलेली नव्हती. माझ्या हातून पडली."

त्या शेंगा सोलत होत्या. "माहीत आहे," म्हणाल्या. "रात्री काढून ठेवताना रोज बघायची मी ती. तडा असता तर मला दिसला नसता?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके घाबरलेले दिसत होतात, म्हटलं अजून काय बोलायचं."

मी त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या.

२४ एप्रिल

कुठून सुरुवात करू?

खळग्याचा अंदाज आला होता, पण नेमकं किती कोरायचं हे ठरवायला कान हवा होता. माझा कान गेलेला, हिचाही तोच प्रकार, लेकीचा प्रश्नच नाही. मी हिला म्हटलं, "ज्या माणसाला फरक कळला त्यालाच विचारू."

म्हणून आज दुपारी चारला वर्कशॉपमध्ये आई माझ्या स्टुलावर, ही फोन धरून उभी, आणि फोनच्या पलीकडे बेबीमावशी. सुनेने तिच्या कानाशी फोन धरला होता. मी घासायचं बारीक यंत्र हातात घेऊन तयार.

आई म्हणाल्या, "बेबी, मी ताई."

"परत तुम्ही?" आवाज इतका बारीक झाला होता की हिने डोळे पुसले. "पुन्हा कशाला त्रास घेता? ताई असली तर तिला द्या. नसली तर तसं सांगा."

मी पुढे होऊन म्हटलं, "मावशी, ताईच आहेत. कवळी माझ्यामुळे बिघडलीय, ती दुरुस्त करतोय. तुम्ही फक्त ऐका आणि सांगा, ताईंसारखं वाटतंय का."

"हे कोण?"

"ताईंचे जावई."

"बरं," मावशी म्हणाली. जावई म्हटल्यावर आणखी काय म्हणणार.

आईंना मी शब्दांची यादी दिली होती, ती त्यांनी बाजूला ठेवली. "आठवतं का बेबी, आपण अंगणात बाबांच्या चपला असायच्या तिथे खड्डा केला होता, वर कागद घातला होता?" एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, कवळी रुमालातून हिच्याकडे, हिच्याकडून माझ्याकडे. मी घासली, धुतली, परत दिली. आई पुढे बोलल्या. मावशी म्हणाली, "अजून नाही." परत घासली. "थोडं बरंय, पण ती नाही." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी आई गोष्ट सोडली होती तिथून पुढे सांगत होत्या आणि मावशी मध्येच थांबवून नाही म्हणत होती.

चौथ्या खेपेनंतर मी कवळी दिव्यासमोर धरली. टाळूचा भाग इतका पातळ झाला होता की पलीकडे माझं बोट दिसत होतं. अजून एक फेर झेपेल, त्यानंतर आरपार भोक. मी हिला तसं हळूच सांगितलं, पण आईंचे कान ठणठणीत आहेत हे मी विसरलो होतो.

"घासा," त्या म्हणाल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या खेपेला त्यांनी भिंतीकडे तोंड केलंच नव्हतं. रुमाल मांडीवरून खाली पडला होता, कवळी त्यांनी सरळ माझ्या तळहातावर ठेवली होती, ओली, अजून गरम. गाल आत गेलेले, ओठ मिटलेले. माझ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे असं सरळ पाहिलं.

मी घासलं. त्यांच्या जिभेने पाडला असता तसा एक खळगा, मागच्या बाजूला, मधोमध. धुऊन दिली.

आईंनी ती बसवली, एकदा दात मिटले आणि गोष्ट पुढे नेली. "आणि मग कागदावर आपण खडे पसरले, आणि बाबा सकाळी..."

"खडे नव्हते गं ताई," मावशी म्हणाली. "वाळू होती. प्रत्येक वेळी खडे म्हणतेस."

हिने फोन आईंच्या आणखी जवळ नेला. मग आई म्हणाल्या, "वाळू कशी असेल? वाळू होती कुठे आपल्याकडे?"

"शेजारी घर बांधत होते ना. तिथून मी फ्रॉकमधून आणली. मार मी खाल्ला म्हणून मला आठवतं." मग तिचा आवाज एकदम बदलला. "होतीस कुठे तू इतके दिवस? मी त्या बाईला रोज सांगत होते, ताईला बोलवा, ताईला बोलवा."

"इथेच होते. दात नव्हते माझे."

"मग दातांशिवाय बोलायचं. मला कुठे दिसतेस तू?"

आई रडत होत्या आणि हसत होत्या, तोंड उघडं, मी चोवीस तास विचार करून बसवलेले दात सगळ्यांना दिसत होते. वाळू की खडे हा वाद पुढे बराच वेळ चालला. मध्येच मावशी म्हणाली, "आणि ते मघाचे जावई, ते आहेत का अजून? त्यांना विचार, त्यांच्या तोंडात कुणाची कवळी आहे."

ही इतकी हसली की फोन खाली पडता पडता राहिला. मीही हसलो. मग चाक पुसायला घेतलं, ते स्वच्छच होतं.

मागून आईंचा आवाज आला. "बेबी, असं बोलायचं नाही. एकतीस वर्षं माझ्या लेकीला हाक मारतायत ते. मला कळतं त्यांचं बोलणं."

संध्याकाळी सुनेचा निरोप आला. मावशी जेवल्या. वाटीभर जेवल्या आणि अजून मागितलं.

२७ एप्रिल

आत धातूच्या जाळीचा तुकडा बसवून कवळी मजबूत केली. खळग्याला हात लावला नाही.

३ मे

चारचा फोन पुन्हा बाहेरच्या खोलीत सुरू झालाय. बेबीमावशीच्या औषधांच्या वेळा मला पुन्हा पाठ झाल्या.

आज आईंना विचारलंच. "मी बोललो की काय म्हणालात, काय म्हणालात, असं करायचात ते ऐकू येत नव्हतं म्हणून नव्हे ना?"

त्या आधी नाही नाही म्हणाल्या, मग रुमाल शोधू लागल्या. रुमाल सापडला नाही. "पहिले कितीतरी महिने तुमचं निम्मं बोलणं कळायचं नाही हो. जावयाला कसं सांगायचं? मग तुमच्या तोंडाकडे बघून अंदाज करायची. हळूहळू येत गेलं."

मी कानाच्या तपासणीचा कागद फाडून टाकला.

११ मे

गेला आठवडाभर वर्कशॉपमध्ये दार लावून सराव करतोय. पट्टी, पूड, जीभ मागे, अजून मागे. कालपर्यंत डाग बोटभर मागे गेला होता. जबडा दुखतो, पण जमतंय. कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा.

आज जेवताना म्हटलं करून बघू. जीभ नीट मागे वळवली आणि आईंना विचारलं, "आई, डाळ वाढू का थोडी?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "काय म्हणालात?"

मी पुन्हा म्हटलं, अजून मागे वळवून. लेक माझ्याकडे बघायला लागली. हिने विचारलं, "घशात काही अडकलंय का?"

आई क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांना कळलं. त्या हसल्या, हात तोंडाकडे गेला नाही.

"तुम्ही आपलं तुमच्यासारखं बोला," त्या म्हणाल्या. "इतक्या महिन्यांनी कुठे मला ते यायला लागलंय."

मग मी माझ्यासारखं विचारलं आणि त्यांनी ताट पुढे केलं.